मास्तरांची चेन, आमची बेअरिंगं

जगात जे जे म्हणून सैल आहे ते ते आवळून ठेवण्यासाठीच देवाने आमच्या साडूंना खाली पाठवलं आहे, याबद्दल निदान आमच्या नात्यागोत्यात तरी कुणाला शंका नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. शाळेत पी.टी. शिकवायचे, त्यामुळे सगळी शाहूपुरी त्यांना मास्तर म्हणते आणि मीही मास्तरच म्हणतो. त्यांच्या काळात शाळेच्या मैदानावरची व्हॉलीबॉलची जाळी इतकी ताठ असे की तिला लागलेला चेंडू मारणाऱ्याच्याच तोंडावर परत येई. निवृत्त झाले आणि मैदान गेलं, जाळी गेली, शिट्टी गेली. हात मात्र राहिले, आणि त्या हातांना काहीतरी आवळायला लागतं. आमच्याकडे दोन दिवस राहून गेले की पुढचे आठ दिवस लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. न्हाणीघरातला नळ त्यांनी एकदा असा बंद केला की आतला वायसर चेपून गेला आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने मला खालून वर न्याहाळत विचारलं, "घरात पैलवान कोण हाय?" माझ्या चष्म्याच्या दांड्या लुळ्या झाल्यात असं त्यांना एकदा चहा पिताना वाटलं. त्यांनी खिशातला बारका पेचकस काढला, आणि त्यानंतर महिनाभर मी चष्मा मिटू शकलो नाही. रात्री उशाशी तो पाय पसरून बसलेला असे.

त्यांच्या या कलेचा कळस म्हणजे बायकोच्या मामेभावाचं लग्न. नवरदेवाला फेटा बांधायला फेटेवाला आला होता, पण त्याने बांधलेला फेटा मास्तरांना "घोंगडं वाळत टाकल्यावानी" दिसला. त्यांनी तो सोडला आणि स्वतः बांधला. आज त्या लग्नाचा अल्बम उघडून बघा. अक्षतांपासून वरातीपर्यंत प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या भुवया कपाळाच्या मध्यावर आहेत. नवरीकडच्यांना बरेच दिवस वाटत होतं की मुलाला मुलगी आधी दाखवलीच नव्हती. त्याच लग्नात मांडवाच्या दोऱ्याही मास्तरांनी पुन्हा बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मांडववाल्याच्या माणसांनी त्या गाठींशी तासभर झटापट केली आणि शेवटी कोयता मागवला. मास्तर बाजूला उभे राहून समाधानाने बघत होते. "बघा की पाव्हणं," मला म्हणाले, "ह्याला म्हनायचं बांधनं. सैल म्हंजे संकट."

मी मूळचा इकडचा नव्हे. नोकरीने कोल्हापुरात आणलं, आणि या गावाच्या मोठ्या आवाजाची सवय व्हायला मला वेळ लागला. मी गप्प माणूस. एखादी गोष्ट बोलावी की नाही याचा विचार करता करता ती बोलायची वेळ निघून जाते, आणि मग ती न बोलल्याचं ओझं मी वर्षानुवर्षं वाहत बसतो. असा माणूस मास्तरांना का आवडावा कोण जाणे. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस सगळे दिवस माझ्या कॉटशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून होता. अर्थात कॉटचे सगळे नट त्यांनी पहिल्याच दिवशी आवळून घेतले. सलाइनच्या स्टँडलाही हात घालणार होते, पण सिस्टर ओरडली, "आजोबा, बाजूला व्हा!" मास्तर बाजूला झाले. पण 'आजोबा' हा शब्द त्यांना लागला. ती गेल्यावर मला म्हणाले, "स्टँड ढिला हाय तिचा. जाऊ द्या." हे मुद्दाम सांगतोय. पुढे मी जे वागलो ते का वागलो, हे समजायला उपयोगी पडेल.

मोटारसायकल मी त्यांच्याच आग्रहावरून घेतली. त्यांच्याकडे होती तीच, त्याच मॉडेलची. दणकट आणि जड गाडी. आता ती निघायची बंद झाली आहे. पण तिला एक खोड होती. मागच्या चाकाचं बेअरिंग टिकत नसे. नवं बसवलं की थोडे दिवस गाडी लोण्यासारखी पळे. मग मागून हळूच घूंऽऽ असा आवाज सुरू होई, त्याची घरघर होई, आणि एक दिवस चाक धरून हलवलं की ते दात पडायला आलेल्या म्हाताऱ्यासारखं डुगडुगे. मला वाटे, माझंच नशीब. पण मास्तरांच्या गाडीचंही तेच. मग त्यांनी वाटेत दिसेल त्या आमच्या मॉडेलवाल्याला थांबवून विचारायला सुरुवात केली. सिग्नलला शेजारी उभं राहायचं, ओळख ना पाळख, आणि विचारायचं, "काय पावणं, मागचं बेअरिंग काय म्हनतंय?" असे एकेक करत लोक जमले. उद्यमनगरातला एक कारखानदार, एक वकील, कॉलेजातले एक प्राध्यापक, हातकणंगल्याहून रोज शहरात दूध घालायला येणारा एक तरुण. रविवारी सकाळी सगळे मास्तरांच्या दारात गाड्या लावू लागले. आक्का ताटभर भडंग आणि चहा बाहेर आणून ठेवत. कुणाचं बेअरिंग कधी गेलं, कुठे गेलं, गेलं तेव्हा मागे कोण बसलं होतं, याच्या कहाण्या चालत. इतक्या एकजुटीने तर आजारी माणसंही दवाखान्यात बसत नाहीत.

कंपनीला शिव्या देऊन झाल्या की मास्तर सदऱ्याच्या बाह्या वर करत. आलाच आहात तर, असं म्हणून प्रत्येकाच्या गाडीकडे ते प्रेमाने बघत. ब्रेक, हँडल, आरसे आणि शेवटी चेन. चेन म्हणजे त्यांच्या जिवाचा विषय. गॅरेजमधून आलेल्या गाडीची चेन खाली जराशी झुललेली दिसली की त्यांचा चेहरा पडे. "ह्यो मिस्त्री कामं टाळतोय," म्हणत ते मागच्या एक्सेलचा नट सैल करत, चाक मागे ओढत आणि चेन अशी ताणत की बोटाने छेडल्यावर तुणतुण्यासारखी टणटण वाजली पाहिजे. मग पान्याला लांब पाइप लावून नट आवळायचा. कपाळावरची शीर उभी राही. "जा आता बिनधास्त," असं म्हणून सीटवर थाप. पैसे नाहीत, उपकाराची भाषा नाही. आणि आम्ही सगळे, त्यात तो कारखानदारही आला, त्यांचे आभार मानून टणटणीत चेनीने घरी जात असू.

एकदा शिरोलीच्या पुढे हायवेवर मास्तरांची गाडी मागून अशी हलायला लागली की त्यांनी ती कशीबशी कडेला घेतली. मागे आक्का होत्या. पडल्या नाहीत. पण त्यांनी मास्तरांचा खांदा इतका घट्ट धरला होता की तिथे बोटांचे वळ उठले. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आनि येकदा चाक डुगडुगलं की मी उतरनार ती उतरनार. पुन्ना बसनार न्हाई." आक्कांचे गुडघे दुखतात, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये त्यांना चढता येत नाही. माहेर पेठ वडगावला. मास्तरांच्या मागे त्या बसल्या नाहीत तर माहेरी जाणं संपलंच. आणि मास्तरांचं तरी काय, एकट्याने कुठे जायचा हा माणूस नव्हे. त्या दिवशी त्यांनी नवं बेअरिंग बसवून घेतलं, आणि काळजीपोटी चेन नेहमीपेक्षा जास्तच ताणली.

मग मुलीच्या बाळंतपणासाठी दोघं बेंगळुरूला गेले आणि काही महिने तिकडेच राहिले. इकडे चमत्कार झाला. कुणाचंच बेअरिंग जाईना. रविवारी आम्ही सवयीने मास्तरांच्या बंद दारासमोर जमायचो आणि एकमेकांकडे संशयाने बघायचो. वकील म्हणाले, रस्ते नवे झालेत. प्राध्यापक म्हणाले, हवामान. दूधवाला म्हणाला, "आमच्या मामानं जोतिबाला नवस बोलल्ला, त्यो पावला बगा." मी नेहमीप्रमाणे गप्प बसलो होतो, माझ्याच गाडीकडे बघत. चेन खाली झुलली होती, आणि माझ्या मनात आलं, मास्तर आले की बघून हळहळतील. हे मनात येताच माझ्या हातातला टपरीच्या चहाचा कप तसाच राहिला. या महिन्यांत आम्ही कुणीच कुणाच्या चेनीला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जाऊन मी चेनीबद्दल आडूनआडून विचारलं. तो पंक्चर काढता काढता म्हणाला, "ताणली की सगळा भार बेअरिंगवरच की. म्हनून तर म्या दोन बोटं झुलती ठेवतो. पर येवडी ताणतंय कोन सायब?" मी म्हणालो, "छे छे, कोण ताणेल." आणि घरी आलो.

मास्तर परत आले. पुढच्याच रविवारी बाह्या वर झाल्या. सगळ्यांच्या गाड्या बघून त्यांना अतोनात दुःख झालं. "मी चार म्हैनं न्हवतो तर ही दशा!" एकेकाची चेन टणटण वाजू लागली. मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांचा घामाने डबडबलेला, आनंदी चेहरा बघून मिटलं. निवृत्तीनंतर या माणसाच्या चेहऱ्यावर ही खुशी फक्त रविवारी दिसे. त्याला काय सांगायचं? की तुम्ही इतकी वर्षं प्रेमाने आमची चाकं मोडत आलात?

मग गप्प माणसं करतात ते मी केलं. घरी येऊन माझी चेन गुपचूप सैल केली. पण आक्कांचं काय? त्या तर रोज त्याच चाकावर बसत. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, मास्तरांच्या वामकुक्षीच्या वेळी, मी ऑफिसातून डब्याच्या पिशवीत पाना घेऊन निघालो आणि त्यांच्या अंगणात गाडीमागे उकिडवा बसलो. शेजारच्या काकू गच्चीवरून ओरडल्या, "काय करताय ओ पावणं उन्हाचं?" मी म्हणालो, "हवा बघतोय." "हवा मागनं बगत्यात व्हय?" असं पुटपुटत त्या आत गेल्या. नट सैल केला, चाक पुढे सरकवलं, पुन्हा बसवलं. त्या रात्री शांत झोपलो. रविवारी मास्तरांना चेन झुलताना दिसली. त्यांनी ती ताणली. बुधवारी मी सैल केली. असा आमचा दोघांचा एक अबोल सामना सुरू झाला, ज्यातल्या एकालाच सामना चालू असल्याची कल्पना होती.

पण मास्तर म्हणजे काही खुळे नव्हेत. चेन आपोआप इतकी उतरत नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी विचार केला आणि दोष काढला मिस्त्रीचा. त्याने हलक्या प्रतीची चेन घातली, असं त्यांचं म्हणणं. भर रस्त्यात, गॅरेजसमोर, त्या बिचाऱ्याला त्यांनी असं धुतलं की पलीकडच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. मिस्त्री म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी. मान खाली घालून नुसतं "मास्तर, शप्पत घेऊन सांगतो" एवढंच म्हणत राहिला. मी तिथे होतो. दोन पावलांवर उभा होतो. पाना माझ्या पिशवीत होता. आणि मी बोललो नाही. आजवर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आता ती इथेच वाचेल.

त्या रविवारी आक्कांच्या, म्हणजे माझ्या बायकोच्याही, भावाकडे वास्तुशांत होती, आणि शनिवारी समजलं की मास्तर आणि आक्का गाडीवरूनच पेठ वडगावला निघालेत. हायवेने. दुपारी मी धावत गेलो. बघतो तो मास्तरांनी चेन ताणून एक्सेलच्या नटावर दुसरा एक चेकनट चढवलेला. तोही त्या लांब पाइपने आवळलेला. मी पाना लावला, पाय लावला, अंगातला सगळा जोर लावला. नट तसूभर हलला नाही. पाना सटकला आणि माझी बोटं सोलवटून निघाली. मी कळवळलो. आणि दारात बनियनवर मास्तर उभे.

"च्यायला," ते हळूच म्हणाले. "चोर घरचाच निघाला की. पाव्हणं, तुमी?"

आयुष्यात पहिल्यांदा मी मागचापुढचा विचार न करता बोलायला लागलो. बोटातून रक्त येत होतं आणि मी बोलत होतो. ते नव्हते तेव्हा कुणाचंच चाक कसं वाजलं नाही, मिस्त्री काय म्हणाला, दर बुधवारी मी कसा येत होतो, हे सगळं. "बेअरिंग कंपनीनं खाल्लं नाही मास्तर, तुमच्या चेनीनं खाल्लं. आणि हे मला ठाऊक असून मी त्या मिस्त्रीला तुमच्या शिव्या खाऊ दिल्या. उद्या आक्का मागे बसणार आहेत म्हणून सांगतोय. बसणार नसत्या तर आजही सांगितलं नसतं."

मास्तर पायरीवर बसले. खिडकीतून आक्का सगळं ऐकत होत्या हे आम्हाला त्यांच्या हसण्यामुळे कळलं. तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या, पण ते हसू पदरात मावत नव्हतं. "अगं बया! म्हंजे येवडी वर्सं माझ्या कमरंचं खुळखुळं केलं ते तुमी व्हय? आनि मी कंपनीला तळतळाट देतोय!"

मास्तर हसले नाहीत. जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "आपलीच का सगळ्यांची?"

"सगळ्यांची," मी म्हणालो.

"त्या दूधवाल्या पोराचीबी? कॅनं भरून जातंय ओ ते."

"त्याचीही."

मला वाटलं, संपलं. हा माणूस पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. मग ते उठले, पाइप आणला, आणि म्हणाले, "धरा तिकडनं." त्यांचाच चेकनट त्यांच्याच्यानेही निघेना. शेवटी आम्ही दोघं पाइपवर जवळजवळ लोंबकळलो तेव्हा तो कर्रकन किंचाळत सुटला, आणि आम्ही दोघंही मागच्या तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन आदळलो. आक्कांनी आतून विचारलं, "काय मोडलं का?" मास्तर म्हणाले, "न्हाई न्हाई. निघालं." मग माझ्याकडे वळून, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात त्यांनी विचारलं, "किती ठिऊ?" मी दोन बोटं दाखवली. त्यांनी तेवढी चेन सोडली आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या पोराकडे बघावं जे शर्ट बाहेर काढून शाळेत आलंय. "लोंबतीय की ओ." "लोंबू दे मास्तर," मी म्हणालो. मग त्यांनी माझ्या बोटांना हळद लावली. आणि हो, चिंधी बांधताना फक्त एकच गाठ मारली. मला ती सोडता आली.

दुसऱ्या दिवशी पेठ वडगावपर्यंत मी आणि माझी बायको त्यांच्या मागेच होतो. सगळी वाट माझं लक्ष त्यांच्या मागच्या चाकावर. शिरोलीचं ते ठिकाण आलं तेव्हा मी गाडी आणखी जवळ घेतली. चाक गुमान फिरत होतं. आक्का मास्तरांचा खांदा सोडून पदर सावरत होत्या आणि मागे वळून माझ्या बायकोला उसातलं काहीतरी दाखवत होत्या. छातीवरून पाट्याचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं मला झालं. वास्तुशांतीच्या पंगतीत मी इतका जेवलो की वाढपी हसायला लागले.

मास्तर पुढे जे वागले ते माझ्याच्याने झालं नसतं. सोमवारी ते गॅरेजसमोर, त्याच रस्त्यात, त्याच आवाजात मिस्त्रीला म्हणाले, "ल्येका, चुकलो. बेअरिंग मी खाल्लं, शिव्या तू खाल्ल्यास." मिस्त्रीला रडावं की हसावं कळेना. तो म्हणाला, "मास्तर, शिव्यांचं काय न्हाई. चेन तेवढी माझ्यावर सोडा." त्यानंतर ते एकेकाच्या घरी गेले. वकिलांकडे, प्राध्यापकांकडे, उद्यमनगरात, थेट हातकणंगल्याला. दारात उभं राहून मोठ्यानं सांगायचं, चेन दोन बोटं सैल करून द्यायची आणि चहा न घेता निघायचं.

गाड्या आता ठणठणीत आहेत. कुणाचं चाक घुमत नाही. आणि हळूहळू रविवारचे लोक येईनासे झाले. त्यांना काय नावं ठेवायची? दुखणंच राहिलं नाही तर माणूस कशाला येईल. कारखानदारांनी चारचाकी घेतली. प्राध्यापक सकाळी फिरायला जातात. तरीही मास्तर रविवारी अंगण झाडून घेतात, पायरीवर बसतात आणि गाडी वाजली की मान वर करतात. मी जातो, पण मी काय, घरचाच. आम्ही दोघं बसतो. एकदा मला म्हणाले, "तुमी सांगितलं ते बरंच केलं पाव्हणं. तुमची आक्का बसती की मागं. झालं." आणि मग थोडं थांबून, "पर अंगन लई मोठं वाटाय लागलंय."

गेल्या रविवारी दुधाची रिकामी कॅनं खडखडवत तो हातकणंगल्याचा पोरगा दारात थांबला. मास्तर ताडकन उठले. चेहऱ्यावर किती दिवसांनी ते तेज.

"काय बिघडलं रं?"

"काय न्हाई मास्तर. गाडी येकदम बेस हाय."

"मग?"

"मग काय? आसंच आलतो."

मास्तर गोंधळले. काहीही मोडलेलं नसताना कुणी आपल्याकडे येतं, हे त्यांच्या हिशोबात कधी नव्हतं. ते त्याच्या गाडीकडे बघत राहिले, मग त्याच्याकडे. मग आत तोंड करून त्यांनी आक्कांना चहा टाकायला सांगितला आणि पायरीवर जरा सरकून बसले, त्याच्यापुरती जागा करून.